विजयाचे समाधानकारक कारण

युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत माल्टा हरला, की दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांआधी सरकारने त्याचे कारण जाहीर करावे, असा दंडक होता. कारण मिळाले नाही तर लोक कामावर जात नसत. मिळाले तरी जात नसत, पण निदान घरी शांत बसत. यासाठी राजधानीत एका सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला 'पराभव-कारण कक्ष' होता. विस्तिन मिकालेफ त्याचा प्रमुख. कक्षात दुसरे कोणीच नसल्यामुळे त्याच्या शब्दाला तिथे मोठा मान होता.

देशाचा या स्पर्धेतला इतिहास म्हणजे विस्तिन आणि त्याच्या पूर्वसूरींचे समग्र वाङ्मय. सुरुवातीला आपण आपल्या भाषेत गायलो आणि तळाला गेलो. कारण, परीक्षकांना भाषा कळली नाही. मग इंग्रजीत गायलो. कारण, ती त्यांना फारच कळली. पुढे शेजारी देश एकमेकांना गुण देऊ लागले. आपल्या चारही बाजूंना समुद्र, आणि समुद्राला मताधिकार नाही. एका वर्षी रंगमंचावरच्या पंख्याचा वारा गायिकेच्या केसांत उलट्या बाजूने शिरला. प्रत्येक कारण एकदाच वापरायचे, हा कक्षाचा नियम. 'गाणे बरे नव्हते' हे कारण मात्र राष्ट्राच्या प्रतिष्ठेला बाधक म्हणून वापरायचेच नाही, हा दुसरा.

विस्तिन कर्तव्यदक्ष होता. घाईत चूक नको म्हणून पराभवाचे कारण तो स्पर्धेच्या महिनाभर आधीच लिहून ठेवी. या वर्षी मात्र पंचाईत झाली. कारणांचा साठा संपत आला होता, आणि देशातर्फे गायला निवड झाली होती त्याच्याच मुलीची.

मारविक दातांच्या दवाखान्यात नोंदणीचे काम करायची आणि उरलेल्या वेळात गायची. तिची आई चेट्टा सशाचा रस्सा ढवळता ढवळता नवऱ्यावर नजर ठेवून होती.

"काय लिहिलंस माझ्या पोरीबद्दल?"

"अजून काही नाही."

"म्हणजे लिहिणार आहेस! अरे, ती अजून विमानात नाही बसली आणि तू तिला हरवून मोकळा?"

"चेट्टा, हे खात्याचं काम आहे."

मारविकने ताट बाजूला सारले. "पा, ते जाऊ दे. एवढंच सांग, मी कशी गाते?"

"गुणवत्तेबाबत कक्ष मत देत नाही."

"कक्षाला कोण विचारतंय? तुला विचारतेय."

"स्पर्धा झाली की सांगतो. आत्ता सांगितलं तर पक्षपात होईल."

ती उठून आत गेली. विस्तिनला फार वाईट वाटले, पण त्याने रीतसर पाव मोडून रश्शात बुडवला. त्या आठवड्यात त्याने कारण लिहिले : 'वडिलांनी ऐन वेळी धीर न दिल्यामुळे गायिकेचे मनोधैर्य खचले.' हे कारण पूर्वी कोणी वापरलेले नव्हते. शिवाय ते खरे होते, ही कक्षाच्या इतिहासातली पहिलीच घटना.

आणि मारविक जिंकली.

बेटावर जल्लोष झाला. विस्तिनच्या गावातले दोन्ही बँड, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा, जे आपापल्या संतांच्या जत्रेतही एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, ते एकाच गल्लीत दोन वेगवेगळ्या चाली वाजवत घुसले. दारूकाम झाले. मग दारू उतरली आणि लोक विचार करू लागले.

"पोरगी गुणाची आहे, मी नाही म्हणत नाही," खालच्या आळीच्या बँडचा अध्यक्ष नार्दू आपल्या बारमध्ये म्हणाला. "पण जिंकली कशी?"

"गाऊन," कोणीतरी म्हणाले.

"गाऊन? मग इतकी वर्षं आपल्या पोरी तिथे काय भांडी घासत होत्या? दर वर्षी अख्खा युरोप आपल्याविरुद्ध कट करतो, हे सरकारच लिहून देतं. मग या वर्षीचा कट गेला कुठे?"

कट झाला नव्हता, यासारखी संशयास्पद गोष्ट दुसरी नव्हती.

दुपारपर्यंत पूर्वी हरलेल्या गायिकांच्या आया मंत्र्यांच्या दारात जमल्या. ही चांगली गायली म्हणून जिंकली म्हणायचे, तर आमच्या मुली वाईट गायल्या होत्या काय, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. विरोधी पक्षाने चौकशी मागितली. सत्ताधाऱ्यांनी चौकशीला पाठिंबा दिला. मंत्र्यांनी विस्तिनला बोलावून घेतले.

"विजयाचं कारण लागेल, विस्तिन."

"साहेब, आपल्याकडे पराभवाचीच सोय आहे."

"मग तीच सोय उलटी फिरव. परीक्षकांची चूक म्हण, यंत्राचा घोळ म्हण, इतरांना सर्दी झाली म्हण. ती चांगली गायली, एवढं सोडून काहीही. तसं म्हटलंस तर मागची सगळी कारणं खोटी ठरतात. माणसा, देशाचा इतिहास आहे तो!"

विस्तिन घरी आला. मारविक नुकतीच पोहोचली होती. बक्षीस जेवणाच्या टेबलावर, पिशवीतून न काढता ठेवले होते.

"झाली स्पर्धा, पा," ती म्हणाली. "आता सांग."

विस्तिनने तोंड उघडले. आयुष्यभर सरकारी बोललेल्या माणसाचे होते तेच झाले, शब्द फुटेना. तो तसाच कक्षात परत गेला आणि निवेदन लिहिले. मंत्र्यांना न दाखवताच त्याने ते बातम्यांना धाडले : 'मारविक मिकालेफ जिंकली, कारण ती सर्वांत चांगली गायली.' खाली सही केली.

मारविकने ते बातम्यांत ऐकले आणि बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

बारमध्येही समाधान पसरले. "बघा!" नार्दूने टेबलावर थाप मारली. "सही कोणाची? बापाची! वशिल्याचा आता आणखी काय पुरावा हवा?" मुलीचा बाप खात्यात, तेही कारणांच्या खात्यात. सगळे कसे जुळले. आया घरी गेल्या, चौकशी आवरली, इतिहास बचावला. विजयाचे इतके समाधानकारक कारण बेटाला दुसरे मिळाले नसते. विस्तिनची नोकरी गेली, पण देश शांत झाला.

मारविक हल्ली परदेशात गाते. इकडे लोक तिला अजून 'विस्तिनची मुलगी' म्हणतात.

ती काय गायली, कशी गायली, गाणे कशाबद्दल होते, यातले एक अक्षरही या गोष्टीत आलेले नाही. वाचकहो, तुम्हीही विचारले नाहीत. तिचा बाप कुठे नोकरीला होता, तेवढे मात्र तुम्ही नीट लक्षात ठेवलेत.