आपण रांगेत आहात

पाणीपुरवठा विभागाच्या तक्रार कक्षात एक गंभीर घटना घडली. फोन होल्डवर ठेवल्यावर जी धून वाजते, ती वाजवणारं यंत्र बंद पडलं.

ही धून कित्येक वर्षं वाजत होती. लहान मुलांच्या खेळण्यातून येते तशी, टिंग टिंग टिंग. ती कुणालाच आवडत नव्हती, पण तिचा एक उपयोग होता. ती ऐकताना माणसाला विचार करता येत नसे. यंत्र बंद पडताच फोनवर शांतता पसरली. शांततेत नागरिक विचार करू लागले, विचार केल्यावर त्यांना राग येऊ लागला आणि राग आल्यावर ते फोन आपटून स्वतः कार्यालयात येऊ लागले. विभागाच्या दृष्टीने ही जलवाहिनी फुटण्यापेक्षा मोठी आपत्ती होती. फुटलेली जलवाहिनी निदान समोरच्या खुर्चीत बसून "साहेब आहेत का आत?" असं विचारत नाही.

विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, तातडीने आदेश काढला : "कक्षातील शांतता विनाविलंब दुरुस्त करण्यात यावी."

कक्षात फोन उचलायला एकच बाई होत्या. त्यांना आपण मावशी म्हणू, कारण या हकिकतीत त्या मावशीच आहेत. त्यांच्या पर्समध्ये भाच्याने दिलेली एक सीडी पडून होती. ती पर्समधून बाहेर काढायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. थोरल्या बहिणीने "ऐकलीस का गं?" असं विचारलं, की "अगं ताई, पर्समध्येच असते माझ्या" असं खरं उत्तर देता येत असे. आदेश निघाला तेव्हा हाताशी दुसरं काहीच नव्हतं. मावशींनी कपाटातलं सीडी वाजवणारं जुनं यंत्र फोनला जोडलं, त्यात सीडी सरकवली आणि पुढचा फोन घेतला.

हा भाचा भूमिगत संगीतकार होता. त्याने गुन्हा वगैरे केलेला नव्हता. ज्याची गाणी दुकानात मिळत नाहीत, रेडिओवर वाजत नाहीत आणि ज्याचं नाव निघाल्यावर मोजकी माणसं एकमेकांकडे बघून अर्थपूर्ण हसतात, त्याला भूमिगत म्हणतात. तो सायकेडेलिक रॉक वाजवत असे. त्याची आई त्याला चक्कर येणारं संगीत म्हणायची आणि जाणकारांचंही मत फारसं वेगळं नव्हतं. एकच सूर घ्यायचा, तो गिटारच्या पेडलमधून पिळून, ताणून, पुन्हा जिथून निघाला तिथे आणून सोडायचा, असा सगळा मामला. म्हणून चाहते त्याला भोवरा म्हणत. चाहते असे होते, की सगळे एका रिक्षात मावले नसते, पण दोन रिक्षा केल्या तर दुसरी रिकामी वाटली असती. टायरच्या दुकानाखालच्या तळघरात तो वाजवायचा आणि मैफल संपली, की सगळ्यांच्या कपड्यांना रबराचा वास यायचा.

सीडीतलं मुख्य गाणं आत्म्याविषयी होतं. त्याचे शब्द एवढेच : "थांब. मी येतोय. थांब. अजून थांब."

आता पाण्याची तक्रार करणाऱ्याला फोनवर हे ऐकू आलं तर त्याला काय वाटेल? त्याला वाटलं, कुणीतरी येतंय. एवढ्या वर्षांत असं आश्वासन त्याला प्रथमच मिळत होतं आणि तेही गिटारवर. लोक फोन ठेवेनात. मावशींनी फोन उचलला, की पलीकडून वैतागलेला आवाज येई, "अहो बाई, मध्येच काय उचलता? आता कुठे रंग भरत होता!"

"तुमची तक्रार काय आहे?"

"ती असू द्या हो. परत होल्डवर टाका बघू."

महिनाअखेरीस नागरिक समाधानाचा अहवाल आला. विभागाच्या इतिहासात प्रथमच आलेख वर गेला होता. तो उलटा धरलाय असं समजून साहेबांनी सरळ केला, तेव्हा तो खाली आला. मग पुन्हा होता तसा धरला आणि भोवऱ्याला बोलावणं धाडलं.

भोवरा तत्त्वाचा माणूस होता. सरकारी कचेरीची पायरी चढायची नाही, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं, जी छापली गेली नव्हती. निरोपाची चिठ्ठी फाडून तो रस्त्यावर आला, तर बसथांब्यावर एक गृहस्थ कानाला फोन लावून, डोळे मिटून, हळूहळू डुलत उभा होता. शेजारी रिकामी कळशी होती. त्याच्या ओठांवर शब्द होते : थांब, मी येतोय. भोवरा त्या माणसाला ओळखत नव्हता. आजवर ज्यांनी त्याचं गाणं ऐकलं, त्या सगळ्यांची त्याला घरं माहीत होती. अनोळखी श्रोता त्याने आयुष्यात प्रथमच पाहिला. तो तिथेच थांबून त्याच्याकडे बघत राहिला. दोन बस निघून गेल्या, पण दोघांपैकी कुणीच चढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचेरीच्या पायऱ्या चढला.

"नवा अल्बम करा आमच्यासाठी," साहेब म्हणाले. "खर्चाची काळजी नको. 'भूमिगत कामे' या शीर्षाखाली तरतूद पडून आहे. तुम्ही भूमिगत आहात ना? नक्की?"

"तळघरात वाजवतो."

"उत्तम. म्हणजे लेखापरीक्षणातही टिकेल."

मग साहेबांनी तांत्रिक अपेक्षा सांगितल्या. गाणं दुरुस्तीला लागणाऱ्या वेळापेक्षा लांब असावं. गिटारने उगाच वर चढून आशा निर्माण करू नये. आणि कुठलंही गाणं संपल्यासारखं वाटू नये, कारण गाणं संपलं, की पुढे काहीतरी होईल असं नागरिकांना वाटतं.

"पण मला माझ्या पद्धतीने करू द्याल ना?" भोवऱ्याने मान ताठ करून विचारलं.

"अर्थात! कलावंताच्या स्वातंत्र्यात विभाग ढवळाढवळ करत नाही. फक्त मंजुरी देतो."

नव्या अल्बमचं नाव होतं 'आपण रांगेत आहात'. तो कुठेही विकत मिळत नव्हता. ऐकायचा तर तक्रार कक्षाचा नंबर फिरवायचा. पहिल्या आठवड्यातच लाईन जाम झाली. तळघरातले चाहते अर्थातच बिथरले. त्यांच्यातला सर्वांत जुना, ज्याला त्याच्या जाड भिंगांमुळे सगळे दुर्बीण म्हणत, भोवऱ्याला भेटून म्हणाला, "तू विकला गेलास. आता तुला कुणीही ऐकतं. काल माझ्या सासूबाई तुझं गाणं गुणगुणत होत्या. मी कुठे तोंड दाखवू?"

या लोकप्रियतेतून पहिला प्रशासकीय पेच उभा राहिला. ज्यांच्या नळाला पाणी होतं तेही फोन करू लागले. ही उघडउघड फसवणूक होती. होल्डवर राहण्याचा हक्क फक्त तक्रारदाराला असतो. विभागाने पडताळणी सुरू केली, तेव्हा पाणी असलेले नागरिक शिष्टमंडळ घेऊन आले. आमच्या भागात पाणी येतं हा काय आमचा दोष आहे का, असा त्यांचा सवाल होता. आम्हीही घरपट्टी भरतो. काहींनी तर रागाच्या भरात स्वतःच्या घरासमोरची पाईपलाईन तोडून पात्रता मिळवली. सार्वजनिक मालमत्तेचं असं नुकसान होऊ नये म्हणून साहेबांनी अखेर 'समान श्रवणसंधी' योजना आखली आणि एकेका भागाचं पाणी शिस्तीत, पूर्वसूचना देऊन, बंद केलं. योजनेचं सर्व थरांतून स्वागत झालं. टाकीजवळच्या वस्तीचा क्रम उशिरा आला म्हणून तिथे निदर्शनं झाली.

मग मावशींचा प्रश्न आला. त्यांनी फोन उचलला, की गाणं तुटतं, अशा लेखी हरकती येत होत्या. कक्षात फोन उचलणारी व्यक्ती असणं हा सेवेतला अडथळा ठरला. मावशींचा निरोप समारंभ झाला. साहेबांनी भाषणात सांगितलं, की बाईंनी विभागाला जे दिलं ते कुणी देऊ शकणार नाही. मावशी म्हणाल्या, "अहो, मी सीडी सरकवली फक्त."

योजनेच्या ओघात एके दिवशी भोवऱ्याच्या घरचा नळही कोरडा पडला. घर वरच्या मजल्यावर. आईने नंबर फिरवला, थोडा वेळ ऐकलं आणि फोन ठेवून दिला. सबंध शहरात फोन ठेवणारी ती एकटीच.

"काय झालं?" भोवऱ्याने विचारलं.

"काय व्हायचंय? तूच होतास. थांब थांब करत होतास. थांबून कसं चालेल? भांडी पडलीत मोरीत." तिने बादली उचलली आणि जिना उतरू लागली.

खाली टँकर येत असे. पहिल्या दिवशी तिने दोन खेपा केल्या. तिसऱ्या दिवशी ती कठड्याला धरून मधल्या मजल्यावर बसलेली भोवऱ्याला दिसली. गुडघे चोळत होती. त्याने बादली घेतली तेव्हा ती म्हणाली, "अरे, तुझं गाणं वाईट नाहीये. पण ते ऐकलं, की माणूस बसून राहतो. मला बसून चालत नाही, म्हणून ठेवला फोन."

ती बादली घेऊन तो तडक कचेरीत गेला.

"तक्रार?" साहेब चकित झाले. "पण आपल्याकडे तक्रारीच नाहीत. हे बघा, शून्य. फोन उचलला, की तक्रार नोंदली जाते. फोन उचलला जात नाही. म्हणजे तक्रार नाही. दुरुस्तीची माणसं तरी कशाला ठेवायची मग? त्यांना आम्ही लाईन सांभाळायला लावलंय. फोनची."

"माझी आई जिन्यावर बसलीये, साहेब!"

"अरेरे. फोन करायला सांगा ना त्यांना."

भोवरा घरी आला. गिटार कोपऱ्यात ठेवली आणि जुना रेकॉर्डर चालू करून मोरीत नळासमोर ठेवला. कोरडा नळ सोडला, की आधी आत कुणीतरी घसा खाकरतं, मग फुस्स करून हवा येते, मग एक लांब उचकी. त्याने ते घेतलं. मग रेकॉर्डर खिशात घालून आईच्या मागोमाग जिना चढला. बादलीच्या कडीची करकर, पायऱ्यांवर सांडणारं पाणी, आईची धाप आणि प्रत्येक मजल्यावर थांबून तिने विभागाला दिलेल्या शिव्या, सगळं घेतलं. सूर एकही लावला नाही. हे ऐकून लोकांचं डोकं फिरेल, ते फोन आपटतील, रस्त्यावर येतील, असा त्याचा हिशोब होता. मावशींना कक्षाच्या मागच्या खिडकीची कडी कशी सरकते ते ठाऊक होतं. दोघांनी जाऊन यंत्रातला अल्बम बदलला.

"मावशी, उद्या बघ," तो म्हणाला. "दगड येतील."

"येऊ देत. निदान ते तरी वेळेवर येतील," मावशी म्हणाल्या.

दगड आले नाहीत. शहर सुन्न होऊन ऐकत राहिलं. नळाच्या उचकीपाशी मोठमोठी माणसं रडली. कुणीतरी आपलं दुःख असं जसंच्या तसं मांडलं, आता मन हलकं झालं, असं जो तो म्हणू लागला. मन हलकं झाल्यावर लोक शांतपणे टँकरच्या रांगेत उभे राहिले. आईच्या शिव्या टी-शर्टांवर छापून आल्या. दुर्बिणीने भोवऱ्याला मिठी मारून माफी मागितली. आणि साहेबांनी डोळे पुसत सांगितलं, "आमच्यावर इतकी प्रामाणिक टीका आजवर कुणी केली नव्हती. हा अल्बम कायमस्वरूपी मंजूर."

काही उत्साही श्रोते आईला भेटायला घरी आले. ती दारात बादली घेऊन उभी होती. "अरे, ती माझी धाप आहे," ती म्हणाली. "धापेला कसल्या टाळ्या वाजवता? जा, पाणी सोडायला सांगा त्यांना!"

श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तिला हे वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं, कारण त्याचा फोन वेळेवर चालू झाला नव्हता.

त्यानंतर आई मावशीकडे राहायला गेली. त्या दोघींनी पाणी सुटेपर्यंत रोज सकाळी डबा घेऊन कचेरीच्या दारात बसायचं ठरवलं आणि अजून बसतात. येणारे-जाणारे त्यांना गाण्यातल्या बाई म्हणून ओळखतात आणि सोबत फोटो काढून पुढे जातात. भोवरा तळघरात परतला आहे. तो आता वाजवत नाही. ते पाहायलाही गर्दी होते.

हा वृत्तान्त आम्ही घडला तसा लिहून साहेबांना वाचून दाखवला. ते चिडतील, निदान थोडे ओशाळतील, अशी आमची अपेक्षा होती. साहेब हसून हसून बेजार झाले. "झकास जमलंय! आमची अगदी सालटी काढलीत तुम्ही," ते म्हणाले. "ज्यांना संगीताची आवड नाही, अशा तक्रारदारांना द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. हे वाचायला देऊ."

तेव्हा हे आपल्या हातात कसं आलं, ते आपल्या ध्यानात आलं असेल. मधूनमधून आपण हसलात आणि साहेबांची चांगली जिरली असंही आपल्याला वाटलं. विभागाला एवढंच हवं होतं. आता वाटल्यास उठून नळ सोडून बघा.