सोडलं काय?

दवाखान्याबाहेरच्या पाटीवर डॉक्टर लोक आपल्या पदव्या लिहितात. किन्हवलीच्या निमकर डॉक्टरांच्या पाटीवर नावाखाली लिहिलंय : 'पूर्वी मी सांगितलेलं यातलं काही अजून करत असाल, तर बंद करा.' त्याखाली खडूने यादी. जुलाबात पोराला उपाशी ठेवणे. बाळाच्या नाळेला पावडर लावणे. अंड्यातलं पिवळं टाकून देणे. दर दोन-चार महिन्यांनी एखादी ओळ वाढते.

नवा पेशंट पाटी वाचतो आणि आत जावं की परत फिरावं अशा विचारात माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन थांबतो. माझं औषधांचं दुकान दवाखान्याला लागूनच आहे. मी सांगते, "जा आत. चुका डॉक्टर सगळेच करतात, हे पाटीवर लिहितात एवढंच."

मी स्वतः याद्यांची बाई आहे. संपत आलेली औषधं, मुदत संपत आलेली औषधं, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये हलवायची औषधं, सगळ्यांच्या माझ्याकडे याद्या असतात. पण चुकांची यादी चारचौघांत टांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. यामागे काय असेल, हे मला कळेना. ते शोधून काढायला सात वर्षं लागली.

डॉक्टरांचं दुसरं वेड म्हणजे गुरुवार. महिन्यातून दोन गुरुवारी दुपारी माझ्या दुकानामागच्या खोलीत, खोक्यांवर बसून, आसपासचे डॉक्टर आणि उपकेंद्रांतल्या सिस्टर जमतात. शहापूरकडचे येतात, मुरबाडकडचेही येतात. उपचारात काय बदललंय ते निमकर डॉक्टर वाचून दाखवतात. चहा आणि वडे माझ्याकडून. पण चहाला एक अट आहे. प्रत्येकाने आधी सांगायचं, गेल्या पंधरवड्यात कुठली जुनी गोष्ट करायचं सोडलं.

"नवीन काय शिकलात ते मला नका सांगू," डॉक्टर म्हणतात. "नवीन कोणीही शिकतो. सोडलं काय?"

कोणी म्हणतं, साध्या सर्दीला अँटिबायोटिक देणं. कोणी म्हणतं, उगाच सलाइन लावणं. एकदा मुरबाडकडच्या एका तरुण डॉक्टरला काहीच आठवेना. चहा निवत चाललेला. शेवटी तो म्हणाला, "सिगारेट."

"चालेल," निमकर डॉक्टर म्हणाले. "याला अर्धा कप द्या."

इतरांनी जुनं सोडलं की ते चहा पिऊन मोकळे. डॉक्टरांचं तसं नाही. आपण आयुष्यभर ज्याला जे सांगितलं ते त्याच्या घरी जाऊन परत घ्यायचं, असा त्यांचा नियम. त्यासाठी वही आहे आणि एक खडखडणारी मोपेड. अंड्याचं कळलं तेव्हा ते चिंतामण आजोबांकडे गावठी अंडी घेऊन गेले. योगायोगाने मीही त्यांची गोळी पोचवायला तिथे होते.

"आजोबा, पिवळं खायला हरकत नाही. मी उगाच बंद केलं होतं."

आजोबांनी एक अंडं उचलून उजेडात धरून बघितलं. "एकवीस वर्षां मी पिवला कुत्र्याला घातला डॉक्टर."

"माझी चूक झाली."

"तरीच!" आजोबा म्हातारीकडे वळून ओरडले. "तरीच गो तो कुत्रा मरत नव्हता!"

डॉक्टरांनी वहीत खूण केली आणि मोपेडला किक मारली.

गेल्या वर्षी ती वही माझ्या हातात आली. पानं सुटायला लागली होती म्हणून डॉक्टरांनी मला नवीन करून द्यायला सांगितलं. मी रेघा मारल्या, गाववार नोंदी केल्या, खुणेचा रकाना शेवटी घेतला. सगळ्यात मोठी नोंद सापाच्या दोरीची होती. साप चावला की वरच्या बाजूला दोरी करकचून बांधा, असं डॉक्टर एके काळी शाळाशाळांत शिबिरं घेऊन शिकवत. तेव्हा सगळेच तसं शिकवत. आता सांगतात, बांधू नका, कापू नका, हातपाय हलू न देता लवकर मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टर त्यासाठी गावोगाव फिरले होते. प्रत्येक गावापुढे खूण होती. एकच ओळ मोकळी : 'वरचा पाडा, सुंद्राबाई.' तिच्यापुढे दर वर्षीच्या शाईत वेगळं कारण. रस्ता खराब. पाऊस. लग्नसराई. परत रस्ता खराब.

"डॉक्टर, तिथला रस्ता तर केव्हाच डांबरी झाला," मी म्हटलं.

"हो का?" ते म्हणाले आणि पेशंट नसताना पेशंट बघायला आत गेले.

हे माझ्याकडून सुटलं असतं. पण पुढच्या गुरुवारी त्याच भागातल्या उपकेंद्रावर नव्याने आलेल्या सिस्टर बैठकीला आल्या. सगळ्यांचं सांगून झालं तेव्हा त्यांनी सरळपणे विचारलं, "आणि सर, तुम्ही सोडलं काय?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.  डॉक्टर कप तसाच खोक्यावर ठेवून म्हणाले, "आज मला चहा नको."

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर वर करते तर ते पायरीवर उभे. इस्त्रीचा शर्ट, काखेत वही. "ताई, तुमची स्कूटी काढता का? मोपेडवर मी अर्ध्यातून परत येतो."

म्हणजे याआधीही ते निघाले होते. किती वेळा, ते मी विचारलं नाही.

वरच्या पाड्यावर सुंद्राबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. सूप डाव्या हाताने पेललेलं, उजव्या हाताचा नुसता टेकू. त्या हाताची बोटं आत वळून घट्ट झालेली. भातकापणीत त्या हाताला साप चावला होता. नवऱ्याने शिबिरात शिकल्याप्रमाणे दोरी आवळली आणि दवाखाना गाठेपर्यंत सोडली नाही. जीव वाचला, हात गेला.

डॉक्टर अंगणातच उभे राहिले. "सुंद्राबाई, ती दोरी मी शिकवली होती. ती चुकीची होती. आता बांधायची नाही."

"म्हायती हाय," त्या सूप न थांबवता म्हणाल्या. "आमच्या पाड्यात आता कोनी बांधीत नाय. कोनी दोरी शोधाय लागला का मी ह्यो हात दाखवतंय." मग त्यांनी वर पाहिलं. "पन तुमाला इतकी वर्षां लागली? एस्टी तर तासाभरात येते."

डॉक्टर आपल्या चपलांकडे बघू लागले. मलाही झाडाकडे बघण्यासारखं काही नसताना झाडाकडे बघावं लागलं.

"बसा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. काळा चहा घेऊन आल्या, एका वेळी एक कप, डाव्या हाताने. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करून कप घेतला. गुरुवारच्या सवयीने मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी कप ओठापर्यंत नेला आणि परत खाली आणला.

"इथे यायचं टाळत होतो," ते म्हणाले. "ते सोडलं."

सुंद्राबाईंना कळलं नाही हे कोणाला सांगताहेत. "पिया, निवतोय," त्या म्हणाल्या.

डॉक्टर प्यायले. मी वही उघडून पेन पुढे केलं. त्यांनी रकान्याकडे पाहिलं, पेन घेतलं नाही. कप खाली ठेवून म्हणाले, "सुंद्राबाई, हात बघू जरा. बोटांसाठी काही व्यायाम नवीन आलेत का ते विचारून पुढच्या शुक्रवारी येतो."

"एस्टीनं या," त्या म्हणाल्या. "ताईंचा दुकान बंद राहतो."

खुणेचा रकाना अजून मोकळाच आहे. पण कारणं लिहिणं डॉक्टरांनी बंद केलं आहे. आता त्या ओळीपुढे ते दर शुक्रवारची तारीख घालतात.