नवरदेव गैरहजर

"यात नवरा कुठाय?" नोंदणी कार्यालयातल्या कारकूनबाईंनी अल्बमचं शेवटचं पान उलटून विचारलं.

छबीने काउंटरवर कपाळ आपटून घ्यायचंच काय ते बाकी होतं. तिचे आजोबा परदेशात जन्मलेले, म्हणून तिकडचं नागरिकत्व तिला वारसाने मिळत होतं. आठ वर्षं इथे नर्स म्हणून दुहेरी पाळ्या करून झाल्यावर तिकडच्या एका हॉस्पिटलाने तिला बोलावलंही होतं. अडलं होतं एका कागदापाशी. आईवडिलांचं लग्न तिच्या जन्माआधी झाल्याचा दाखला हवा होता आणि तोही महिनाअखेरीच्या आत, कारण त्यानंतर नातवंडांसाठी तो कायदाच बंद होणार होता. आज पंचवीस तारीख. आणि या कार्यालयात पाण्याचा पाइप फुटून नेमकं त्यांच्या लग्नाच्या वर्षीचं रजिस्टर लगदा होऊन बसलेलं! म्हणून आता पुरावा लागत होता: दोघांचा लग्नातला फोटो आणि एक हयात साक्षीदार.

फोटोंना काय तोटा? बाबा जन्मभर फोटोग्राफर. मुलीला 'छबी' म्हणायला सुरुवात त्यांनीच केली. लग्नाचे छत्तीस फोटो होते, आणि एकेक असा की बघत राहावं. फक्त बाबांचा या जगात दुसऱ्या कुणाच्या डोळ्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी कॅमेरा कुणाच्या हाती लागू दिला नव्हता.

"नवरा कॅमेऱ्यामागे आहे," बाबा अभिमानाने म्हणाले.

"मग हे शेजारी कोण उभे आहेत?"

"तो माझा भाऊ. उजेड कसा पडतोय ते बघायला त्याला माझ्या जागी उभा केला होता."

"छत्तीस फोटोंत?"

"अहो, उजेड सारखा बदलत होता!"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "यांनी वधूचा हात हातात धरलाय."

"मीच सांगितलं धरायला. खांबासारखे उभे होते दोघं."

मागच्या बाकावर आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. "अडतीस वर्षं हेच ऐकतेय," ती स्वतःशीच म्हणाली.

"आणि ही बघा," बाबांनी एका फोटोतल्या जमिनीवर बोट टेकवलं, "ही माझीच सावली."

"सावलीचं ओळखपत्र आणलंय?"

बाबांनी बोट मागे घेतलं. बाईंना मात्र छबीची दया आली असावी. "सोपं सांगू का? आजच लग्न लावून टाका दोघांचं. तासाभरात दाखला देते."

"पण मी तेहतीस वर्षांची आहे!" छबी ओरडली. "आज लग्न झालं तर मी आधी कशी जन्मले?"

"तो मात्र तुमचा घरचा प्रश्न आहे."

बाबा लालबुंद झाले. छबीने घाईघाईने सोबत आणलेल्या काकांना पुढे केलं. साक्षीदारांपैकी हयात असे ते एकटेच. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती आणि खरं तेवढंच, विचारलं तेवढंच बोलायचं, हे त्यांचं ब्रीद. या ब्रीदापायी घरात आजवर बरीच भांडणं झाली होती.

"फोटोतले गृहस्थ तुम्हीच?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"लग्नात शेवटपर्यंत वधूशेजारी होता?"

"जागचा हललो नाही. हलू दिलंच नाही."

"तुमचं वेगळं लग्न झालंय?"

"नाही. हे फोटो याच्या दुकानाच्या काचेत वीस वर्षं लागले होते. लोकांना वाटायचं, माझं झालंय."

बाईंनी पेन उघडलं आणि 'वर' या रकान्यात काकांचं नाव लिहायला घेतलं.

"अहो, थांबा! हे काका आहेत!" छबीने कागदावर पंजाच ठेवला.

"ताई, डोकं शांत ठेवा. तुम्हाला आजोबांशी नातं जोडायचंय ना? वडील म्हणून काकांना घेतलं तरी आजोबा तेच राहतात. तुमचं काम होऊन जातंय."

काकांनी क्षणभर विचार केला. "माझी काही हरकत नाही."

"तुझी नसेल, माझी आहे!" बाबा असे कडाडले की पलीकडच्या खिडकीवरचा कारकून शिक्का मारायचा थांबला. छबीला वाटलं, नको ते परदेश आणि नको तो दाखला. या तिघांना इथेच सोडून वॉर्डात परत जावं, तिथले बेशुद्ध पेशंट यांच्यापेक्षा शहाणे.

शेवटी कारकूनबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हीच सांगा. या दोघांतला तुमचा नवरा कोण?"

आई उठून काउंटरपाशी आली. तिने काकांकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि इतका वेळ पाहिलं की बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"सांगते. पण आधी यांच्याकडून शब्द घ्या की मी जे दाखवेन ते हे फाडणार नाहीत."

पर्सच्या अस्तराला आतून एक कप्पा शिवलेला होता. त्यातून तिने एक फोटो काढला.

"हा... हा तू ठेवलास?" बाबांचा आवाज चिरकला. "तुझ्या बहिणीने तिच्या त्या डबड्या कॅमेऱ्याने काढलेला? मी सगळे फाडले होते!"

"चार फाडलेत. हा पाचवा."

"आई!" छबीला रडावं की ओरडावं कळेना. "हा तुझ्याकडे होता आणि आपण दोन तास इथे..."

"एवढा एकच आहे माझ्याकडे," आई म्हणाली. "म्हणून भीती वाटत होती."

फोटो तिरका होता. कोपऱ्यात मावशीचा अंगठा आला होता. नवरदेव हात उगारून, तोंड वासून, कॅमेरा कसा धरावा हे मावशीला ओरडून सांगत होता आणि वधू त्याच्याकडे जळजळीत नजरेने बघत होती.

कारकूनबाईंनी एकदाच पाहिलं. "हे नवरा-बायको. यात काही शंकाच नाही." त्यांनी 'वर' या रकान्यातलं नाव खोडलं, बाबांचं लिहिलं आणि शिक्का मारला.

दाखला हातात पडताच छबीने तो तीनदा वाचला. तारीख अडतीस वर्षांपूर्वीचीच होती. तिने तो छातीशी धरला आणि घड्याळ पाहिलं. परदेशी जाणारं आजचं टपाल निघायला अर्धा तास होता.

तेवढ्यात बाईंनी फोटो फाइलमध्ये टाचला. आईचा हात काउंटरवर तसाच पुढे राहिला.

"तो परत नाही मिळायचा बाई. आता तो सरकारी रेकॉर्ड झाला."

आईने रिकामी पर्स मिटली आणि बंद उगाच दोनदा आवळला. बाबांनी ते पाहिलं. ते घसा खाकरून काउंटरपाशी गेले.

"याची प्रत मिळेल का?"

"अर्ज करावा लागेल."

"बाबा, टपाल चुकेल! आता आणखी एक अर्ज?"

"तू पळ पुढे. मला वेळ लागेल." बाबांनी अर्ज घेतला, बाकावर बसले आणि एकेक रकाना शांतपणे भरू लागले. 'प्रत मागण्याचे कारण' या रकान्यापाशी ते जरा थांबले. मग त्यांनी लिहिलं: आमच्या लग्नाचा फोटो घरात नाही.