गुलाबचा कप

टक्.

पडवीत कप उपडा ठेवल्याचा आवाज झाला आणि अन्नपूर्णाची पेन्सिल थांबली. पाळण्यातलं बाळ उठलं नाही, हे नशीब. गोठा झाडून, चहा पिऊन गुलाबनं आपला कानतुटका कप रोजच्यासारखा विसळून वळचणीच्या फळीवर ठेवला होता. "येतो बाई," म्हणून ती गेली. अन्नपूर्णानं अडलेली ओळ पुरी केली : 'आपण सर्व बहिणी एक आहोत.'

संध्याकाळी सरकारी प्रचारगाडी येणार होती. गाडीचे साहेब आधी सिनेमा दाखवत, मग गावकऱ्यांना बोलतं करत. एक तरी बाई बोलावी, असा निरोप आला आणि प्रभाकररावांनी बायकोचं नाव देऊन टाकलं. "चार ओळी बोलजो. माही इज्जत तुह्या हातात हाये," एवढं सांगून ते शाळेत शिकवायला निघून गेले होते.

शाळेच्या पटांगणात पडदा लागला. सिनेमातल्या मजुराला वेगळ्या भांड्यात पाणी दिलं, तेव्हा सगळं गाव हळहळलं. रूपराव पाटलांनी तर उपरण्यानं डोळे टिपले. सिनेमा संपल्यावर साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे चालतं का असं?"

"आमच्या इथं नाई जी," रूपराव म्हणाले. "देवळीकडे असंल."

साहेब हसले. देवळीकरांनीही आदल्या दिवशी असंच शेजारच्या नाचणगावचं नाव घेतलं होतं.

मग अन्नपूर्णा उभी राहिली. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं ठीक गेलं. पण लोक इतके मन लावून ऐकत होते, की कागदावर नसलेली एक ओळ तिच्या तोंडून निसटली. "आमच्या घरी कोणाचाही कप वेगळा नाही."

टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या तिच्या पाच वर्षांच्या मुलीच्या, नलूच्या कपाळाला मात्र आठी पडली. आई भाजीत मीठ विसरते, तसंच हे झालं असणार. घर शाळेसमोरच होतं. टाळ्या विरल्या, साहेब आभाराचं बोलू लागले, तोवर ती धावत घरी जाऊन परत आली.

"आई, तू विसरली. हा हाये ना, गुलाबमावशीचा."

कानतुटका कप टेबलावर बसला.

प्रभाकरराव अंगठ्यानं जमीन उकरू लागले. साहेबांनी कपाकडे पाहिलं, अन्नपूर्णाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "वा, बाई. नुसतं बोलला नाहीत, घरातला कप काढून दिलात. आहे का आणखी कोणाची छाती?"

सगळ्यात आधी टाळी वाजली ती प्रभाकररावांची. साहेबांनी नलूची पाठ थोपटलेली पाहून बाकीची पोरंही घराकडे सुटली. टेबलावर दोन कप आले, एक करवंटी आली, एक पोचे पडलेला जर्मनचा गिलास आला. गिलास रूपरावांच्या नातीनं आणला होता.

"तो बकरीचा हाये," रूपराव घाईनं म्हणाले.

"बकरी चहा पेते का जी?" मागून लहानूनं, गुलाबच्या नवऱ्यानं, शांतपणे विचारलं.

साहेबांनी सगळी भांडी पुढच्या मुक्कामी, आर्वीच्या लोकांना दाखवायला म्हणून पेटीत भरली आणि झेंडूचा हार उचलला. मी नाही आणला तो कप, हे अन्नपूर्णाच्या अगदी जिभेवर आलं. पण समोर नवऱ्याचा चेहरा उजळला होता. तिनं मान खाली घातली, तर लोकांना वाटलं, हारासाठीच वाकली. निंबाखाली, सगळ्यांच्या मागे बसलेली गुलाब हाराकडे बघत नव्हती. ती पेटीकडे बघत होती.

सकाळी गोठा झाडून झाल्यावर गुलाबचा हात सवयीनं वळचणीच्या फळीवर गेला, रिकाम्या फळीवरून इकडून तिकडे फिरला आणि थांबला.

"राहू द्या बाई आज चहा," ती म्हणाली.

चुलीवर चहा वर येत होता. आत फळीला लग्नातले सहा फुलाफुलांचे कप ओळीनं टांगले होते. अन्नपूर्णा फडक्यानं पातेलं धरून तशीच उभी राहिली. नलूनं तिचा पदर ओढला.

"आई, मावशीचा कप तर साहेबानं नेला. आता तिले चहा कशात देशील?"