मावि-६ आणि कोळदऱ्याचा घाट

मालगाडीसाठी जास्त ताकदीचं विजेचं इंजिन तयार झालं, की कोळदऱ्याचा घाट त्या मानाने जास्त उभा होतो. रेल्वेच्या कामकाजात ही गोष्ट पहिल्यापासून धरलेली आहे. नव्या इंजिनाचा आराखडा मंजूर झाला की त्याची एक प्रत कारखान्याला जाते, एक वीजपुरवठा खात्याला आणि एक घाटाला. घाटाची प्रत पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी दगडाखाली ठेवतात.

मावि म्हणजे मालवाहू विद्युत. मावि-१ आलं तेव्हा घाट सदतिसात एक होता, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. भरलेली मालगाडी एकट्या इंजिनाला ओढवत नसे, म्हणून पायथ्याला तिच्या मागे दोन इंजिनं लावत. ती मागून ढकलत माथ्यापर्यंत जायची, तिथे सुटायची आणि रिकामी खाली यायची. या ढकलणाऱ्यांना बँकर म्हणतात. पुढे मावि-२ आलं. सहा जोड्या चाकं, दुप्पट ताकद. आता एका बँकरवर भागेल असं सगळ्यांना वाटलं. घाट तिसात एक झाला आणि बँकर दोनचे दोनच राहिले. मावि-३ मध्ये विजेचं नियंत्रण सुधारलं, घाट पंचविसात एक झाला. मावि-४ ला नव्या मोटरा बसवल्या, तेव्हा माथ्याचं स्टेशन इतकं उंचावर गेलं की तिथल्या स्टेशनमास्तरला लोकरी कोट मंजूर करावा लागला.

मावि-५ उतरताना ब्रेक लावले की वीज तयार करायचं आणि तारेत परत सोडायचं. ही वीज मुळात आपल्या उतारामुळे होते, तेव्हा श्रेयात आपलंही नाव असावं, असा अर्ज घाटाकडून आला. तो विचाराधीन आहे.

ही पाचही इंजिनं हेमलता शिरसाट या बाईंच्या डोळ्यांदेखत झाली आणि शेवटची तीन तर त्यांच्याच हातची. त्या आराखडा विभागाच्या प्रमुख. बाई हट्टी, आणि हट्टाला कारण होतं. त्यांचे वडील, आप्पा, चाळीस वर्षं याच घाटात बँकरचे ड्रायव्हर होते. चाळीस वर्षं त्यांनी पुढे पाहिलं की शेवटच्या डब्याची पाठ दिसायची. पुढचा ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, आप्पा मागून भोंग्याने उत्तर द्यायचे आणि ढकलायचे. माथा आला की गाडी निघून जायची आणि आप्पा खाली. माथ्याच्या पलीकडे काय आहे हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. हेमलताने शाळेत असतानाच ठरवलं होतं, की एक असं इंजिन करायचं जे एकटं चढेल, आणि त्याच्या पुढच्या खिडकीशी आप्पांना बसवायचं. आता आप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि हेमलता त्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होत होत्या. हातात मावि-६ एवढं एकच इंजिन उरलं होतं.

मावि-६ म्हणजे दोन धडांचं एक इंजिन. घाटाने लगेच हरकत घेतली, तेव्हा रीतसर सुनावणी ठेवावी लागली.

घाटातर्फे चांगुणा उघडे हजर होत्या. अर्ध्या घाटात फाटकाजवळ त्यांची चौकी आहे आणि घाटाचं कुलमुखत्यारपत्र त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून चालत आलेलं आहे. अध्यक्षस्थानी मुख्य अभियंता बोधनकर साहेब.

"घाटाचं म्हणणं काय?" बोधनकरांनी विचारलं.

"घाट म्हनतो, ही दोन इंजिनं हायेत. येकाला येक जोडलं म्हंजे मागचा बँकरच झाला की. मंग येकटं चढलं असं कसं म्हनायचं?"

"दोन्ही धडांना ड्रायव्हर एक आणि पाटी एक," हेमलता म्हणाल्या. "मुंगळ्याच्या अंगाचे दोन भाग असले म्हणून कोणी दोन मुंगळे म्हणत नाही."

चांगुणाबाईंनी थोडा वेळ डोळे मिटले. "घाटाला मुंगळ्याचं पटलं. पन तो आनखी येक म्हनतो. येकट्यानं चढून जाता आलं तर मला घाट कशापाई म्हनायचं? मंग बांध म्हना शेताचा. इतकी वर्सं माझ्याम्होरं समदे मानसं जोडून आले. तुमालाच येकटं जायाची घाई का?"

"मागे कोणी नको, एवढंच आमचं म्हणणं आहे," हेमलता म्हणाल्या. "आणि ते मी मागे घेणार नाही."

"घाट बी घेनार न्हाई."

"दोन्ही पक्ष मागे घेत नाहीत, अशी नोंद करा," बोधनकर म्हणाले आणि सुनावणी संपली.

बाहेर आल्यावर बोधनकरांनी हेमलताला बाजूला घेतलं. साहेब मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना भांडणाचा कंटाळा होता. "शिरसाट मॅडम, एक सुचवू? मावि-६ वर मावि-२ ची पाटी लावू. घाट काही टोपण उघडून बघत नाही. तो मावि-२ समजून बसेल आणि तुम्ही जाल सरळ वर."

"चोरून चढायचं तर पायवाट होतीच की, साहेब. इंजिन कशाला केलं असतं?"

"वडिलांसाठी म्हणून सांगतो."

"वडिलांसाठी म्हणूनच नाही म्हणते," हेमलता म्हणाल्या. त्यांना साहेबांचा भयंकर राग आला होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी पायथ्याला कोळशाने भरलेली अठ्ठावन्न डब्यांची गाडी उभी होती. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते सवयीने चालत चालत गाडीच्या मागच्या टोकाला निघाले, तेव्हा हेमलताने धावत जाऊन त्यांना वळवलं. पुढच्या खिडकीशी त्यांच्यासाठी एक लाकडी स्टूल ठेवलं होतं. त्यावर बसून त्यांनी समोर पाहिलं आणि मग खिडकीबाहेर मान काढून पुन्हा पाहिलं.

"काय झालं आप्पा?"

"डबा नाही," आप्पा म्हणाले.

ड्रायव्हर मुजावर यांनी निघण्याचा भोंगा दिला. आप्पांचा हात आपोआप वर गेला, उत्तर द्यायला भोंगा शोधू लागला, आणि मग मांडीवर येऊन बसला. गाडी हलली. मागे कोणी नव्हतं. अठ्ठावन्न डबे मावि-६ ने असे उचलले, की मुजावरांनी नकळत दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

पहिला बोगदा गेला आणि दुसराही गेला. घाट अजून स्वस्थ होता आणि हेमलताला उगाच वाटून गेलं की त्याचं मन पालटलं असावं. तिसऱ्या बोगद्यातून बाहेर पडताना रूळ डोळ्यांदेखत वर उचलले जाऊ लागले. वीजखांब मागे कलले, शेजारच्या शेताडीतल्या गाईंनी सवयीने पुढचे पाय दुमडले आणि वरच्या वस्तीतल्या लोकांनी खाटांच्या पायांखाली विटा सरकवल्या. मुजावर हँडल एकेक नॉच पुढे सरकवत जोर वाढवत गेले. गाडी चालत होती. घाट दहात एक झाला, तरी चालत होती. आठात एक झाला तेव्हा चाकं गरगर फिरायला लागली. मुजावरांनी रुळांवर वाळू सोडली, इंजिन आणखी पन्नास हात चढलं आणि चांगुणाबाईंच्या चौकीसमोर येऊन थांबलं.

मागे घसरत मात्र नव्हतं. मोटरा पूर्ण जोर लावत होत्या आणि घाट पूर्ण जोर लावत होता, त्यामुळे गाडी जिथल्या तिथे उभी होती.

लगेच फोन आला. "मॅडम, दोन बँकर पायथ्याला तयार आहेत," बोधनकर म्हणाले. "मागे लावतो. घाट पाच मिनिटांत मूळ जागेवर येईल आणि तुम्ही जेवायला माथ्यावर असाल."

"नको."

"मग गाडी खाली आणा. मधे उभं राहण्याची तरतूद नाही. वर किंवा खाली, दोनच आहेत."

हेमलताने फोन ठेवला आणि आप्पांकडे पाहिलं. त्यांची रक्तदाबाची गोळी दुपारच्या जेवणानंतरची होती. ऊन काचेतून थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. चढामुळे ते स्टुलावर मागे रेलले होते आणि दोन्ही हातांनी खिडकीची कड धरून बसले होते. आपल्या हट्टापायी म्हाताऱ्या माणसाला इथे लटकवून ठेवलं, असं हेमलताच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटेलसं झालं. पन्नास वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी त्या क्षणी सोडून दिली.

"मुजावर, खाली घ्या गाडी," त्या म्हणाल्या.

मुजावरांनी हँडलवर हात ठेवला.

"हात काढ तिथनं," आप्पा म्हणाले.

त्यांचा आवाज इतका चढलेला हेमलताने कधी ऐकला नव्हता. मुजावरांनी हात काढला.

"आप्पा, अहो, वर नाही जात ती. तुम्हाला त्रास होईल इथे."

"वर जात नाही ते दिसतंय मला. मी पुढे बसलोय." आप्पांनी खिडकीची कड आणखी घट्ट धरली. "पण खाली नाही जायचं. चाळीस वर्षं गेलो मी खाली. दर खेपेला वर आलो आणि दर खेपेला खाली गेलो. मला कोणी विचारलं नाही जायचं का म्हणून. आज मी सांगतो, जायचं नाही. हा उभा आहे ना? आपणही उभे."

"किती वेळ?"

"ते त्याला विचार."

हेमलताने खिडकीतून मान बाहेर काढून चांगुणाबाईंना विचारलं. चांगुणाबाई चौकीच्या दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "घाट म्हनतो, त्याला कुटं जायाचं न्हाई."

"आम्हालाही नाही," आप्पा आतून ओरडले.

हेमलताने बोधनकरांना फोन लावला आणि सांगितलं, की गाडी वरही जात नाही आणि खालीही येत नाही, पण मोटरा सुरू आहेत. बोधनकरांनी नियम काढून पाहिले. मोटरा सुरू असलेली गाडी उभी आहे असं नियमाने म्हणता येत नव्हतं. ती चालू गाडीच धरावी लागली. चालू गाडीची चाचणी अपूर्ण असताना चाचणी अधिकाऱ्याला कार्यमुक्त करता येत नाही, हेही त्याच पानावर होतं. त्यामुळे महिना संपला तरी हेमलता निवृत्त झाल्या नाहीत.

हे सगळं आता बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलं आहे. बाकीच्या गाड्या शेजारच्या रुळावरून, मागे चार चार बँकर लावून जातात. जाताना पुढचा ड्रायव्हर मावि-६ ला भोंगा देतो, मुजावर उत्तर देतात, आणि मागून बँकरचे ड्रायव्हर आप्पांना वेगळा भोंगा देतात. त्याला आप्पा स्वतः उठून उत्तर देतात. इंजिनाच्या मागच्या धडात स्वयंपाकाची सोय झाली आहे. मुजावरांच्या जागी आठवड्याआड दुसरा ड्रायव्हर येतो. आप्पांना घरी न्यायला नातेवाईक दोनदा येऊन गेले आणि दोनदा हात हलवत परत गेले. वेळापत्रकात या गाडीच्या समोर माथ्याला पोचण्याची वेळ छापलेली आहे, फक्त दिवस छापलेला नाही.

चहा दोन्ही वेळेला चांगुणाबाई आणतात. पहिल्यांदा आणला तेव्हा हेमलता म्हणाल्या होत्या, की विरुद्ध पक्षाकडून चहा घेणं बरं दिसत नाही.

"घाटाचं काम निराळं, चहा निराळा," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्यो माझा हाय. घ्या."

परवा संध्याकाळी आप्पांनी चहाचा ग्लास खिडकीच्या कडेवर ठेवला आणि विचारलं, "सातवं करणार की नाही?"

"करते की," हेमलता म्हणाल्या.

त्यांनी मांडीवर फळी घेतली, फळीवर कोरा कागद लावला आणि पेन्सिलीने पहिली रेघ ओढायला सुरुवात केली. पूर्वी नवं इंजिन तयार झाल्याशिवाय घाट उठत नसे, आता त्याला पेन्सिलीचा आवाजही पुरतो. खालून घरंगळल्यासारखा आवाज आला आणि सगळं इंजिन किंचित मागे कललं. चौकीच्या दारात चांगुणाबाईंनी सूप सावरलं. ग्लास कडेवरून सरकला.

आप्पांनी तो न बघता धरला. ते पुढे बघत होते.

हेमलताने कागद थोडा तिरका करून घेतला आणि रेघ पुढे नेली.