पुढे गेलेली पिशवी

एका जंगलात, मुलांनो, वाघच नव्हता. ते जपानातलं डोंगराळ जंगल होतं आणि तिथे वाघाऐवजी गोल्फ होता. झाडं कमी, मैदानं जास्त. जंगल म्हणायचं ते जुन्या सवयीने.

तिथे केन्जी नावाचा कोल्हा राहायचा. डोंगरमाथ्यावरच्या क्लबचं सभासद व्हायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. अखेर अध्यक्ष अस्वलसाहेबांनी त्याला रविवारी सकाळी खेळायला बोलावलं. पसंत पडला तर आत, नाहीतर जन्मभर बाहेर. त्याच्या बायकोने शेजारणींना आधीच सांगून टाकलं होतं.

केन्जी फार व्यवस्थित. कुठली गाडी, कुठे बदलायची, स्टेशनबाहेर क्लबची बस कुठे थांबते, सगळं त्याने विचारून ठेवलं. तिथल्या रिवाजाप्रमाणे गोल्फची पिशवी आदल्या दिवशीच रानडुकराच्या कुरिअरने पुढे पाठवली. आपण मोकळ्या हातांनी जायचं.

तसाच तो बसपाशी गेला.

"पिशवी कुठंय?" ड्रायव्हर माकडाने विचारलं.

"पुढे गेली."

"असं सगळेच म्हणतात! वर गरम पाण्याचं कुंड आहे. फुकटची बस बघून रोज कोणीतरी गोल्फवाला म्हणून चढतो आणि टॉवेल खांद्यावर टाकून उतरतो."

"माझ्याकडे टॉवेल नाही हो, माकडभाऊ."

"तोही पुढे गेला असेल."

"मग आत बसलेत त्यांच्याकडे कुठे पिशव्या आहेत?"

"ते सभासद आहेत."

"अहो, मी सभासद व्हायलाच चाललोय!"

"मग होऊन या. नेतो की!"

बस गेली. दुसरं वाहन नव्हतं. केन्जी चढ चढू लागला. दर वळणावर एक गोल्फचं मैदान लागायचं आणि दारावरचा रखवालदार म्हणायचा, "तुमचं ते याच्या वरचं."

तो पोचला तेव्हा अस्वलसाहेब खेळ आटोपून, अंघोळ करून चहा घेत होते. समोरच्या खुर्चीत केन्जीची पिशवी होती. तिच्यापुढेही चहा ठेवला होता.

"साहेब, माफ करा! ही पिशवी माझी..."

"तुमची? वा! वेळेआधी हजर होती. माझा चेंडू तळ्यात गेला, हसली नाही. मी हळूच दुसरा टाकला, बोलली नाही. जेवताना माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. असा सभासद या क्लबला कधी मिळालाच नव्हता!"

"सभासद?" केन्जीने विचारलं.

"दुपारीच करून घेतलं."

केन्जी भांडणारच होता. पण त्याला शेजारणी आठवल्या.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हिला घरी कोण नेणार?"

"तुम्ही न्या. सभासदाबरोबर एक हमाल चालतो."

परतीच्या बसमध्ये माकडाने पिशवीला कमरेत वाकून नमस्कार केला आणि खिडकीची जागा दिली. केन्जी उभा राहिला. सभासदत्व घरातच आलंय, असं बायकोला सांगायचं त्याने वाटेत ठरवलं.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांच्या मंडळीत जागा हवी असेल तर आपलं सामान वेळेवर पाठवावं. आपण स्वतः पोचायची घाई करू नये. उगाच जमलेलं काम बिघडतं.