कु. सृष्टीच्या टाळूचे रुंदीकरण

मनुष्याच्या मुखात एकूण बत्तीस जागा मंजूर आहेत. त्या कशा भरायच्या, हे मात्र निसर्गाने ज्या त्या घराण्यावर सोपवले आहे. आमच्या घराण्यात वरचा जबडा पिढ्यान् पिढ्या अरुंद. त्यामुळे आमच्याकडे दात रांगेत येत नाहीत, भरल्या एसटीत शिरावे तसे येतात: एक आडवा, एक दुसऱ्याच्या खांद्यावर, एक खिडकीतून रुमाल टाकून. (माझा डावा सुळा गेली तीस वर्षे पायरीवर लटकून प्रवास करतो आहे.)

त्याने कुणाचे काही अडले नाही. मी कचेरीत बांधकाम शाखेचा वरिष्ठ लिपिक झालो. फोटोत तेवढे तोंड मिटून हसतो. पण माझी मुलगी सृष्टी आठ वर्षांची झाली आणि दातांच्या डॉक्टर झीनत यांनी तिच्या तोंडात आरसा धरून सांगितले, "वरचा जबडा लहान पडतोय. हाड कोवळं आहे तोवर रुंद करून घेऊ. मोठेपणी मग ऑपरेशन लागेल."

रुंदीकरण म्हटल्यावर मी खुर्चीत सरसावून बसलो. हा माझाच विषय.

टाळूला धातूचे एक यंत्र चिकटवले गेले. त्याच्या मधोमध बारीक स्क्रू. त्यात इवलीशी किल्ली घालून रोज एकदा फिरवायची, की जबडा पाव मिलिमीटर सरकतो. डॉक्टर म्हणाल्या, "रोज एकदाच. बारा दिवसांनी दाखवायला या. जास्त फिरवलीत तर वरचे दात खालच्या दातांच्या बाहेर जातील, पोरीला घास चावता येणार नाही. आणि दुखतंय का, ते तिला विचारत जा."

हे सगळे मी वहीत उतरवून घेतले. शेवटच्या वाक्यापाशी पान संपले.

घरी येताच रीतसर व्यवस्था लावली. किल्ली देवघरातल्या हळदीच्या करंड्याशेजारी. भिंतीवर तक्ता: दिनांक, वेळ, फिरवणाऱ्याची सही, शेरा. अध्यक्ष व किल्लीधारक मी. सदस्य माझी आत्या तानाबाई (डोळे तपासायला माढ्याहून आठ दिवसांसाठी आलेली, तेव्हा तिसरा महिना चालू होता) आणि धाकटा भाऊ आदिनाथ, जो चिंचोळी एमआयडीसीत फिटर आहे आणि म्हणून तांत्रिक सल्लागार. आमच्या सौ. म्हणाल्या, "तिच्या तोंडातलं हाय, तिला पण घ्या की समितीत." सूचना चांगली होती. नोंदवून घेतली.

डॉक्टरांच्या मते किल्ली फिरवायला चार सेकंद पुरतात. आम्हाला अकरा मिनिटे लागत. बॅटरी धरायला एक, डोके धरायला एक, आणि मी. शिवाय लेकराच्या तोंडात लोखंड घालायचे तर बापाच्या मनाला काही आधार हवा, म्हणून मी एक ओवी रचली होती:

किल्ली फिरे हळू हळू, टाळूच्या गं कुलुपात
माझ्या बाईच्या दातांना, जागा होऊ दे घरात

ओवी संपेपर्यंत बाईने तोंड उघडे ठेवायचे. तिच्या डोळ्यांच्या कडेला पाणी येई. ते ओवीमुळेच येते, अशी माझी नोंद आहे.

यंत्रामुळे सृष्टीची जीभ अडखळू लागली. हा उपचाराचा अपेक्षित परिणाम. आम्ही त्याचा सार्वजनिक कार्यक्रम केला. पाहुणा आला की चहाच्या आधी, "सृष्टे, शेंगाचटणी म्हण की!" ती म्हणे, "थेंगातटनी." घर हसून लोळे. (शेंगाचटणी तिला खायला बंद होती, चिकटते म्हणून. म्हणायला पूर्ण मोकळीक होती.)

दुसऱ्या दिवशीच ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, आत्याआदीनं पुना फिलवली."

"आत्याआदी!" आदिनाथला ठसकाच लागला. मी म्हणालो, "थांब थांब, परत म्हण," आणि मोबाइल काढला. तिने परत म्हटले. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि एकेचाळीस हसरे चेहरे मिळाले. माझ्या बढतीच्या बातमीला सहा मिळाले होते, त्यातले दोन अंगठे.

पुढे रोजच ती काही ना काही सांगायला येई आणि मी ते टिपून घेई. बारा दिवसांत नऊ व्हिडिओ झाले. वेळापूरच्या मेहुण्यांनी तर कळवले, की पोरगी कलाकार होणार.

बाराव्या दिवशी सायंकाळी तक्त्याची सुवाच्य प्रत घेऊन दवाखान्यात गेलो. बारा दिवस, बारा सह्या, शेरा सर्वत्र 'समाधानकारक'. सदस्यही सोबत होते. कौतुक वाटून घ्यायचे होते.

डॉक्टरांनी मोजपट्टी लावली. पुसली. पुन्हा लावली.

"रोज एकदाच फिरवलीत?"

"एकदाच," मी तक्ता पुढे केला.

"तीन मिलिमीटर व्हायला हवं होतं. सव्वापाच झालंय."

खरे सांगायचे तर माझ्या मनात पहिल्यांदा अभिमान आला. मुदतीत पावणेदोनपट काम आमच्या शाखेच्या इतिहासात झालेले नाही.

डॉक्टर सृष्टीकडे वळल्या. "दुखत होतं का गं?"

"नाही, तशी ती धीट आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही जरा तोंड बंद ठेवा." (माझ्या तोंडाबाबत आजवर मिळालेला हा एकमेव वैद्यकीय सल्ला.)

सृष्टी बोटे मोजत बोलू लागली. उच्चार मी इथे दुरुस्त करून देतो. "एकवीस वेळा फिरवली. बाबांनी बारा. आत्याआजीनं सहा. काकांनी दोन. आणि शनिवारी बाबांनी अजून एकदा. मधे फोन आला, मग फिरवलेली विसरले."

तानाबाई आत्या पदर सावरत म्हणाली, "तक्त्यावर सम आकडा दिसला की मी एक वर करत हुते. आहेर तरी कुनी सम देतं का? पोरीच्या अंगाला लागायचं हाय ते!"

आदिनाथ जमिनीकडे पाहत होता. "सुट्टीच्या दिवशी बघितलं तर स्क्रू ढिला लागला, वैनी नव्हती घरात. ढिला स्क्रू माझ्याच्यानं बघवत न्हाय."

"मग घरी सांगितलं का नाहीस, बेटा?" डॉक्टरांनी विचारले.

"सांगितलं की. रोज. बाबा म्हणायचे परत म्हण, आणि व्हिडिओ काढायचे."

डॉक्टरांनी माझा मोबाइल मागितला. नऊही व्हिडिओ आम्ही पाहिले. पहिल्यात आत्याचे नाव होते. तिसऱ्यात, "खूप दुखतंय, आज नको." पाचव्यात दिवस, वेळ आणि पाना हातात घेतलेल्या काकाची तिने केलेली नक्कल. आठव्यात शनिवारचा मी. प्रत्येकात मागे एक माणूस पोट धरून हसत होता. त्याचा सुळा स्पष्ट दिसत होता.

डॉक्टरांनी यंत्र काही फेरे उलटे फिरवले आणि ते तसेच बांधून टाकले. थोडक्यात निभावले, पण हाड भरून यायला दोन महिने जास्त लागणार होते, आणि तोवर भाकरी कुस्करून. किल्ली त्यांनी अध्यक्षांच्या पसरलेल्या हातावरून पलीकडे नेऊन सृष्टीच्या मुठीत ठेवली. समिती तिथेच, खुर्चीच्या पायाशी, बरखास्त झाली.

आता चार महिने झाले. हा सगळा वृत्तान्त मी ज्याला ज्याला ऐकवतो, तो सहानुभूतीने मान हलवतो आणि मला एकच प्रश्न विचारतो: "मग, दात सरळ झाले का?" तुमच्याही ओठांवर आत्ता तोच आला असणार.

मी उत्तर देत नाही, मला अधिकार नाही. सृष्टी आतल्या खोलीत आहे. तिलाच विचारा. फक्त हातात वेळ ठेवून या आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत सोडा. ती आता वाक्य पुरे करते.